चार अँगस्ट्रॉमची नळी : छापील पुराव्यांतून एक शोध

‘नेचर’ साप्ताहिकाचा २ नोव्हेंबर २००० चा अंक, खंड ४०८, पान ५०. या एकाच पानावर दोन छोटी टिपणे सुरू होतात. एक हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या वांग, तांग, ली आणि चेन यांचे. दुसरे जपानमधल्या चिन, झाओ, हिराहारा, मियामोतो, आंदो आणि इजिमा यांचे. पहिल्या गटाने एका स्फटिकाच्या आतल्या बारीक बोगद्यांत कार्बन घडवला, दुसऱ्याने हायड्रोजन वायूत विजेचा आर्क पेटवून. दोन्ही पद्धतींत काहीही साम्य नाही, पण हाती आलेला आकडा एकच आहे. कार्बनची नळी, व्यास ०.४ नॅनोमीटर, म्हणजे चार अँगस्ट्रॉम.

एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन वाटा एकाच मापापाशी येऊन थांबतात, तेव्हा ते माप निसर्गाचे आहे की माणसाच्या अपेक्षेचे, हा प्रश्न इतिहास लिहिणाऱ्याने विचारलाच पाहिजे. त्यासाठी या पानाच्या मागे जावे लागते आणि पुढेही. सुदैवाने या कथेचे जवळजवळ सगळे दुवे छापील स्वरूपात टिकून आहेत. निबंधांची शीर्षके, लेखकांच्या याद्या, खंड आणि पानांचे क्रमांक यांतूनच ही मांडणी केली आहे. आठवणी, मुलाखती आणि नंतर रंगवून सांगितलेल्या गोष्टी बाजूला ठेवल्या आहेत. शोधाच्या श्रेयाचा प्रश्न येतो तिथे आठवण फार लवकर आपल्या सोयीची होते.

नळीची गोष्ट साधारणपणे १९९१ पासून सांगितली जाते. ७ नोव्हेंबर १९९१ च्या ‘नेचर’मध्ये, खंड ३५४, पान ५६ वर, सुमिओ इजिमा यांचा निबंध आला. एनईसी कंपनीच्या त्सुकुबा इथल्या प्रयोगशाळेत त्यांनी आर्कच्या ऋणाग्रावर साठलेला कार्बन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिला होता आणि त्यांना एकात एक बसलेल्या नळ्या दिसल्या होत्या. कागद मात्र याहून जुने आहेत. १९५२ मध्ये रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन सोव्हिएत संशोधकांनी रशियन भाषेतल्या भौतिक रसायनशास्त्राच्या नियतकालिकात सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रे छापली होती. १९७६ मध्ये ओबर्लिन, एन्डो आणि कोयामा यांनी बेंझिनच्या विघटनातून वाढणाऱ्या कार्बन तंतूंवर सविस्तर लिहिले. या जुन्या कागदांची आठवण २००६ मध्ये मोंतिऊ आणि कुझ्नेत्सॉव्ह यांनी ‘कार्बन’ या नियतकालिकाच्या संपादकीयातून जगाला करून दिली. इजिमांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. त्यांचा निबंध आला तेव्हा सी-साठ या गोल रेणूचा शोध लागून सहाच वर्षे झाली होती आणि १९९० पासून तो रेणू भरपूर प्रमाणात बनवता येऊ लागला होता. वाचणारे डोळे तयार होते. १९५२ साली ते नव्हते, एवढाच फरक.

यानंतरची धावपळ झपाट्याची आहे. १९९२ मध्ये इजिमांच्याच प्रयोगशाळेत असलेल्या पुलिकेल अजयन यांनी इजिमांबरोबर ‘नेचर’मध्ये (खंड ३५८, पान २३) सर्वांत लहान नळी जाहीर केली. तिचा व्यास ०.७ नॅनोमीटर होता, म्हणजे सी-साठ रेणूएवढाच. अजयन मूळचे केरळचे, बनारस हिंदू विद्यापीठातून धातुशास्त्र शिकलेले. या विषयाच्या अगदी पहिल्या पानांवर एक भारतीय नाव आहे, हे नोंदवायला हवे. १७ जून १९९३ च्या ‘नेचर’मध्ये एकाच भिंतीची नळी दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केली, जपानमध्ये इजिमा आणि इचिहाशी, कॅलिफोर्नियात आयबीएमचे बेथ्यून आणि सहकारी.

प्रयोगाच्या बरोबरीने दुसरी एक धार वाहत होती, गणिताची. आपल्या विषयासाठी तीच जास्त महत्त्वाची आहे.

कार्बनची नळी म्हणजे ग्राफीनच्या एका अणूएवढ्या जाड पापुद्र्याची, कागदाची करावी तशी सुरळी. सुरळी कोणत्या दिशेने वळवली हे दोन पूर्णांकांनी सांगता येते. त्या दोन अंकांवरून व्यास काढणे शाळेतल्या गणिताचे काम आहे. उदाहरणार्थ (३,३) ही नळी घ्या. पहिल्या अंकाचा वर्ग, दोन्ही अंकांचा गुणाकार आणि दुसऱ्याचा वर्ग यांची बेरीज करा : ९ अधिक ९ अधिक ९, म्हणजे २७. त्याचे वर्गमूळ ५.१९६. त्याला ग्राफीनच्या जाळीच्या ०.२४६ नॅनोमीटर या अंतराने गुणले की १.२७८ हा परीघ मिळतो. पायने भागले की व्यास ०.४०७ नॅनोमीटर. हाच हिशेब (५,०) साठी ०.३९२ देतो आणि (४,२) साठी ०.४१४. चार अँगस्ट्रॉमच्या आसपास बसणाऱ्या नळ्या या तीनच. २००० सालच्या त्या पानावरचा आकडा या तिघींपैकी कोणाचा, हा प्रश्न पुढे बराच काळ रेंगाळला.

याच दोन अंकांवरून नळी वीज कशी वाहील हेही सांगता येते, असे १९९२ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवले. मिंटमायर, डनलॅप आणि व्हाइट यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या ६८ व्या खंडात, हमादा, सावादा आणि ओशियामा यांचा त्याच खंडात, आणि साइतो व ड्रेसेलहाउस गटाचा ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये. नियम सोपा होता. दोन अंकांच्या वजाबाकीला तीनने नि:शेष भाग गेला तर नळी धातूसारखी, नाही गेला तर अर्धवाहक. एकाच मूलद्रव्याच्या, एकाच जाळीच्या दोन सुरळ्या केवळ वळणाच्या दिशेमुळे इतक्या वेगळ्या वागतील, ही कल्पना मला आजही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण हा नियम सपाट पापुद्र्याच्या गणितातून आला होता. सुरळी जसजशी घट्ट वळते तसतसे सपाटपणाचे गृहीतक सुटत जाते. सपाट ग्राफीनमध्ये वीज वाहणारे इलेक्ट्रॉन पापुद्र्याच्या वर-खाली, काटकोनात राहतात. अणूंना बांधणारे बंध पापुद्र्याच्या पातळीत. दोन्ही एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. घट्ट वळणात ही फारकत टिकत नाही, दोघांची सरमिसळ होते. १९९४ मध्ये ब्लाज, बेनेडिक्ट, शर्ली आणि लूई यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये (खंड ७२, पान १८७८) हेच गणिताने दाखवले. या सरमिसळीमुळे इलेक्ट्रॉनांची एक पट्टी इतकी खाली येते की बारीक नळ्यांचे वागणेच पालटते. (५,०) चा पाच हा अंक तीनने भागला जात नाही, म्हणून नियमाप्रमाणे ती अर्धवाहक ठरते. पुढच्या सविस्तर गणितांत ती धातू निघाली. अतिसूक्ष्म नळ्यांच्या विद्युत गुणधर्मांचा वेगळा अभ्यास का करावा लागतो, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे. मोठ्या नळ्यांचा नियम लहान नळ्यांना लावता येत नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न याच्याही आधीचा. सावादा आणि हमादा यांनी १९९२ मध्ये ‘सॉलिड स्टेट कम्युनिकेशन्स’च्या ८३ व्या खंडात नळीची तुलना ग्राफीनच्या सपाट पट्टीशी केली. पट्टीला दोन मोकळ्या कडा असतात आणि कडेवरच्या अणूंचे बंध अपुरे असतात, त्याची ऊर्जा मोजावी लागते. नळीला कडा नाहीत, पण वळणाचा ताण आहे. पट्टी अरुंद होईल तसा कडांचा भार अणूमागे रुंदीच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. नळीचा ताण व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे जास्त वेगाने. १.४ नॅनोमीटरच्या नळीपेक्षा ०.४ च्या नळीत अणूमागे ताण सुमारे बारा पट. म्हणजे कुठेतरी अशी सीमा येणारच, जिच्या खाली नळी राहण्यापेक्षा पट्टी होणे कार्बनला स्वस्त पडेल. त्यांच्या गणितात ती सीमा चार अँगस्ट्रॉमच्या आसपास आली.

आता पान ५० कडे पुन्हा पाहा. प्रयोगाने २००० साली गाठलेला आकडा आठ वर्षे आधी गणिताच्या कागदावर होता. दोन्ही गटांना तो माहीत असणे शक्य आहे. तरीही निदान हाँगकाँगच्या गटाने अपेक्षेपोटी आकडा जुळवला असे म्हणता येत नाही, कारण त्यांच्या स्फटिकातल्या बोगद्याचे माप संशोधकांनी ठरवलेले नव्हते. ते स्फटिकाच्या रचनेतच आहे, ०.७३ नॅनोमीटर. ग्राफाइटच्या दोन पापुद्र्यांमध्ये ०.३४ नॅनोमीटर अंतर असते, म्हणजे कार्बनच्या भिंतीला बाहेरच्या अंगाने साधारण ०.१७ ची मोकळीक लागते. ०.४ च्या नळीला दोन्ही बाजूंनी ती दिली की ०.७४. बोगदा आणि नळी एकमेकांत जवळपास अचूक बसतात. याहून जाड नळीला त्या बोगद्यात जागाच नाही. म्हणजे हाँगकाँगचा आकडा साच्याने ठरवला, पट्टी विरुद्ध नळी या ऊर्जेच्या हिशेबाने नव्हे. दोन्ही हिशेब चार अँगस्ट्रॉमपाशी येतात ही गोष्ट सुखद आहे, पण दोन्ही एकच नाहीत. नंतरच्या लिखाणात ही दोन कारणे अनेकदा एकत्र मिसळली गेली.

हाँगकाँगच्या गटाचा मूळ कागद १९९८ चा आहे, ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’चा खंड ७३. ॲल्युमिनियम फॉस्फेटचे सच्छिद्र स्फटिक वाढवताना बोगद्यांत ट्रायप्रोपिलअमाइनचे रेणू अडकून राहतात. स्फटिक निर्वातात तापवला की त्या रेणूंतला कार्बन बोगद्यातच नळीचे रूप घेतो. २००० च्या टिपणात हा स्फटिक विरघळवून नळ्या बाहेर काढल्याची नोंद आहे आणि सूक्ष्मदर्शीच्या इलेक्ट्रॉन झोताखाली त्या काही सेकंदांतच विरून गेल्याचीही. स्थिरतेच्या दृष्टीने ही नोंद मुख्य दाव्याइतकीच मोलाची आहे. साच्यात असताना टिकणारी नळी साच्याबाहेर झोताखाली टिकत नाही.

या सगळ्यात महाराष्ट्र कुठे?

ब्लाज आणि सहकाऱ्यांचा निबंध ज्या ७२ व्या खंडात आहे, त्याच खंडात, तेराशे पानांनंतर, पान ३१८२ वर पवईचा एक निबंध आहे. किंग्शुक मुखोपाध्याय, के. एम. कृष्णा आणि महेश्वर शरॉन, रसायनशास्त्र विभाग, आयआयटी मुंबई. विषय कापूर. कापूर हा फुलरीनचा, म्हणजे सी-साठच्या कुळातल्या रेणूंचा, नैसर्गिक स्रोत होऊ शकतो असे त्यांनी मांडले. कापुराच्या रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो आणि त्यातले कार्बन अणू आधीच वळलेल्या, पूल बांधलेल्या कड्यांमध्ये असतात. देवघरात आरतीच्या तबकात कापूर जाळणाऱ्या प्रत्येकाने त्याची दाट काजळी पाहिलेली आहे. त्या काजळीकडे पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहणे आणि ते जगातल्या आघाडीच्या नियतकालिकात छापून आणणे, हे १९९४ मध्ये पवईत घडले.

पवई आणि जपान यांचा धागा १९९८ च्या एका कागदावर उघड दिसतो. ‘कार्बन’ नियतकालिकाचा खंड ३६, पान ५०७ : कापुरापासून बनवलेल्या स्पंजासारख्या सूक्ष्म कार्बन मण्यांवरचा निबंध. लेखकांची यादी अशी : शरॉन, मुखोपाध्याय, यासे, इजिमा, आंदो, झाओ. आता ही यादी २००० च्या जपानी टिपणाच्या यादीशेजारी ठेवा. दोन्हींत सहा-सहा नावे, आणि त्यांतली तीन सामाईक : झाओ, आंदो, इजिमा. चार अँगस्ट्रॉमची नळी ज्यांनी पाहिली, त्यांच्यापैकी निम्मे लोक दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या कापुरावर लिहीत होते.

यातून काय सिद्ध होते आणि काय नाही, हे नेमके सांगणे मला आवश्यक वाटते. अशा धाग्यांवरून आपल्याकडे फार लवकर अभिमानाच्या कमानी उभ्या राहतात. २००० ची नळी कापुराची नव्हती. ती आर्कमध्ये घडली होती. कापुराने चार अँगस्ट्रॉमची नळी दिली असे कोणताही कागद म्हणत नाही. कागद एवढेच म्हणतात की पवईचा गट आणि नागोयाच्या मेइजो विद्यापीठातला योशिनोरी आंदो यांचा गट यांच्यात खरे, सहलेखनाचे नाते होते, आणि ते पुढेही टिकले. आयआयटी मुंबईत कापुराच्या कार्बनवर काम केलेले मुकुल कुमार नंतर मेइजोला आंदो यांच्याबरोबर होते. त्या दोघांनी २००३ मध्ये कापूर आणि फेरोसीन यांच्या मिश्रणातून ओळीने उभ्या वाढणाऱ्या नळ्या बनवल्या आणि कापुरापासून एकभिंती व बहुभिंती दोन्ही प्रकारच्या नळ्या मिळतात हे वेगळ्या निबंधात दाखवले. महाराष्ट्राचा वाटा सर्वांत बारीक नळीत नाही. तो स्वस्त, वनस्पतिजन्य कच्च्या मालातून नळ्या घडवण्यात आहे, आणि उद्योगाच्या दृष्टीने तो वाटा लहान नाही.

२००० या वर्षाकडे परत येऊ. त्या वर्षाचे कागद तारखेने लावले की एक गोष्ट दिसते, जी एकेका निबंधात दिसत नाही. जानेवारीत बीजिंगच्या गटाने ‘नेचर’मध्ये ०.५ नॅनोमीटरची नळी सर्वांत अरुंद म्हणून मांडली. ऑक्टोबरमध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या ८५ व्या खंडात पेंग आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यात ०.३३ नॅनोमीटरच्या नळीचा पुरावा होता. (४,०) या नळीचा व्यास आपल्या हिशेबाने ०.३१३ येतो आणि त्यांनी आपली नळी तीच मानली. सपाट पापुद्र्याच्या तुलनेत ती ऊर्जेने महाग आहे, पण हजार अंश सेल्सिअसच्या वरही यांत्रिकदृष्ट्या टिकते, असे त्यांच्या गणिताने सांगितले. आणि मग नोव्हेंबरमध्ये पान ५०, चार अँगस्ट्रॉम, ‘सर्वांत लहान’. म्हणजे चार अँगस्ट्रॉमचा दावा छापून आला तेव्हा त्याहून लहान नळीचा पुरावा आधीच छापलेला होता.

यात कोणाचीही लबाडी नाही. हे निबंध वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. पेंग यांची नळी इलेक्ट्रॉन झोताखाली जाड नळीला फुटलेली फांदी होती. चिन यांची नळी अनेक भिंतींच्या नळीच्या अगदी गाभ्यात होती. हाँगकाँगच्या नळ्या स्फटिकात रांगेने होत्या. ‘सर्वांत लहान’ म्हणताना ती कशाच्या आधाराने उभी आहे, हे सांगितले नाही तर आकड्याला अर्थ उरत नाही. माझे मत असे की अतिसूक्ष्म नळीची स्थिरता हा एकट्या नळीचा गुणधर्म मानू नये. तो नळी आणि तिचा आसरा या जोडीचा गुणधर्म आहे. पुढचे सगळे कागद याच बाजूने साक्ष देतात.

२००३ मध्ये हायाशी, किम, एन्डो, ड्रेसेलहाउस आदींनी ०.४३ नॅनोमीटरची मोकळी, आधाराविना उभी राहणारी नळी जाहीर केली. यातले एन्डो म्हणजे १९७६ च्या निबंधातलेच. २००४ मध्ये झाओ, आंदो आणि सहकाऱ्यांनी, जर्मनीच्या युलिश इथल्या आर. ओ. जोन्स यांच्या साथीने, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या ९२ व्या खंडात तीन अँगस्ट्रॉमची नळी मांडली. अनेक भिंतींच्या नळीत वाढलेली, (२,२) या अंकांची, तिच्या आत-बाहेर फुगण्याच्या कंपनाचा तरंगांक प्रति सेंटीमीटर ७८७. तिच्या टोकाला बसणारी टोपी त्यांनी बारा अणूंच्या षटकोनी पिंजऱ्याच्या अर्ध्या भागाची कल्पिली, ज्यात कार्बनची चौकोनी कडी येतात. पंचकोन आणि षटकोनांच्या या जगात चौकोन म्हणजे प्रचंड ताण. तरीही नळी उभी राहते, कारण बाहेरच्या भिंती तिला पसरू देत नाहीत. २००८ मध्ये ग्वान, सुएनागा आणि इजिमा यांनी अशा नळ्यांचे अंक अणूंच्या पातळीवर ओळखून दाखवले आणि ‘तिघींपैकी कोणती’ या प्रश्नाला थेट चित्राचा आधार मिळाला.

विद्युत गुणधर्मांच्या बाजूने सर्वांत मोठा दावा हाँगकाँगचा होता. २९ जून २००१ च्या ‘सायन्स’मध्ये तांग आणि सहकाऱ्यांनी लिहिले की स्फटिकातल्या चार अँगस्ट्रॉमच्या नळ्या सुमारे १५ केल्विनला, म्हणजे उणे २५८ अंश सेल्सिअसला, अतिवाहक होतात. शुद्ध कार्बनच्या एका मितीच्या तारेत अतिवाहकता! २००५ मध्ये त्याला गणिताकडून हरकत आली. कोनेताब्ल, रिग्नानीज, शार्लिए आणि ब्लाज (तेच १९९४ चे ब्लाज) यांनी दाखवले की (५,०) आणि (३,३) या दोन्ही धातू-नळ्यांमध्ये खोलीच्या तापमानाच्याही वर अणूंची जाळी स्वतःहून किंचित वाकडी होते. पायर्ल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बदल विजेची वाट अडवतो. मग अतिवाहकता येते कुठून? २००९ मध्ये लॉर्ट्झ, पिंग शेंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात उष्माधारकतेच्या मोजमापांसह नळी आणि स्फटिक यांच्या संयुक्त पदार्थाची अतिवाहकता पुन्हा मांडली. त्यांनी शीर्षकातही ‘नळी-स्फटिक संयुक्त’ असा उल्लेख केला. इथेही एकट्या नळीबद्दल बोलणे संपले होते.

आता पुण्याचा कागद. झाओ यांचा तीन अँगस्ट्रॉमचा निबंध ९२ व्या खंडाच्या बाराव्या अंकात आहे, क्रमांक १२५५०२. त्याच्या पुढच्याच, तेराव्या अंकात, क्रमांक १३५५०६ वर, पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचा निबंध आहे : एस. चाको, कविता जोशी, डी. जी. कान्हेरे आणि फ्रान्सचे एस. ए. ब्लंडेल. तिथे कार्बन नाही, गॅलियम आहे. हा धातू ३०३ केल्विनला, म्हणजे तळहातावर ठेवला तरी वितळतो. पण आदल्या वर्षी अमेरिकेतल्या जॅरल्ड यांच्या गटाने मोजले होते की त्याचे अगदी लहान पुंजके याहून कितीतरी जास्त तापमानाला घन राहतात. पुण्याच्या गणिताने सतरा अणूंच्या पुंजक्यासाठी सुमारे ६५० केल्विन आणि तेरा अणूंच्या पुंजक्यासाठी सुमारे १४०० केल्विन असा वितळणबिंदू काढला आणि कारण दिले : लहान पुंजक्यात बंधांची जातच बदलते. नळी आणि पुंजका वेगळे, पण प्रश्न एक. पदार्थ अगदी लहान केला की स्थिरतेचे जुने नियम कुठे मोडतात? आणि दोन्ही निबंधांचे हत्यारही एकच, वॉल्टर कोन यांच्या १९६४-६५ च्या सिद्धान्तातून आलेले घनता-फलन गणित. जगात त्या आठवड्यांत हा प्रश्न ज्या थोड्या ठिकाणी विचारला जात होता, त्यात पुणे होते.

म्हणूनच हा लेख शिरूर आणि दौंडच्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. नगर रस्त्यावरचे शिरूर आणि सोलापूरच्या रेल्वेमार्गावरचे दौंड, दोन्ही तालुक्यांतली विज्ञान महाविद्यालये त्याच पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. अणू दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी तालुक्याच्या महाविद्यालयाला परवडणार नाही, हे खरे आहे. पण अतिसूक्ष्म नळ्यांचा अभ्यास ज्या गणिताने पुढे गेला, त्याला तो लागत नाही. आणि नळी जितकी बारीक तितके गणित हलके. लांबीच्या दिशेने पुन:पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात (२,२) नळीचे फक्त ८ अणू असतात, (३,३) चे १२, (५,०) चे २०. (४,२) चे मात्र ५६, कारण तिची जाळी तिरकी गुंडाळलेली आहे. आठ-बारा अणूंचे घनता-फलन गणित आज साध्या संगणकावर चालते आणि ते करणारी ‘क्वांटम एस्प्रेसो’सारखी आज्ञावली फुकट, खुली आहे. १९९२ मध्ये ज्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेचे संगणक लागत होते, ते काम एम.एस्सी.च्या प्रकल्पात बसते.

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. (३,३) पासून सुरुवात करा. पट्टीची ऊर्जा आणि नळीची ऊर्जा शेजारी मांडा आणि सावादा-हमादांची सीमा स्वतः काढा. मग (५,०) घेऊन तीनचा नियम कुठे मोडतो ते पाहा. आणि निकाल लिहिताना नळी मोकळी होती की कशाच्या आत, हे पहिल्याच ओळीत नमूद करा.